सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्हीत एअरबॅगचा दिवा लागतोय – चालवायची की उभी ठेवायची?

वाटसरू
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र, लिहायची वेळ आज आली.

दीड महिन्यापूर्वी आठ वर्षं जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. इंजिन गुळगुळीत, टायर बरे, एसी थंडगार. घेताना मीटरमध्ये कुठलाही दिवा नव्हता. मागच्या आठवड्यात एअरबॅगचा लाल दिवा (बसलेला माणूस आणि पुढे फुगा) अचानक लागला तो दिवसभर गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप गेला. परवा पुन्हा आला. कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली, त्याने काहीतरी जोडून "क्लिअर" केलं, घरी येईपर्यंत दिवा परत हजर.

गाडी विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "सेन्सरचं नाटक आहे, फार त्रास होत असेल तर बल्ब काढून देतो." हे ऐकून पोटात गोळा आला.

प्रश्न दोन. एक, हे नक्की काय असू शकतं? दोन, तोवर गाडी चालवावी का? रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात आणि मागे एक सहा वर्षांचं पात्र बसतं.

(किरकोळ: ग्लोव्हबॉक्सच्या वरच्या भागाचा रंग उरलेल्या डॅशबोर्डपेक्षा किंचित गडद वाटतो. उन्हाने असेल.)

तिरकस
विकणाऱ्याचं बरोबर आहे. ताप आला की थर्मामीटर फोडायचा.

पाना
वाटसरूभाऊ, पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय, तेव्हा आधी प्रश्न विचारतो.

१. दिवा पहिल्यांदा लागला त्याच्या आदल्या दिवशी कोणी सीट पुढेमागे केली होती का? सीटखाली काही ठेवता का?
२. हॉर्न नीट वाजतो का? स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालतात का? वळताना कधी बंद पडतात का?
३. बॅटरी बदलली किंवा जंपस्टार्ट केली होती का?
४. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू न करता, तो दिवा लागतो का, आणि किती वेळाने जातो?

चौथ्याचं उत्तर नीट बघून द्या. बाकी तीन दुरुस्तीचे आहेत, चौथा गाडीच्या चारित्र्याचा.

जुनं_सोनं
आम्ही एअरबॅग नसलेल्या गाड्या तीस वर्षं चालवल्या. जिवंत आहोत. दिवा लागला की घाबरायचं, ही हल्लीची फॅशन. बेल्ट लावा आणि निवांत जा.

मी_आणि_माझी_गाडी
+१ पानाकाकांना. माझ्याकडे हेच झालं होतं. ड्रायव्हर सीटखाली पिवळं कनेक्टर असतं, साइड एअरबॅग आणि बेल्टच्या प्रीटेन्शनरचं. पाण्याची बाटली घरंगळून त्यात अडकली होती. सीट मागे केली की वायर ताणायची, दिवा लागायचा. पुढे घेतली की गायब. तीन महिने मी याला गाडीचा मूड म्हणत होतो.

शंकासुर
पण दिवा लागला म्हणजे फक्त तेवढीच एअरबॅग बंद की सगळ्या?

पाना
@शंकासुर, गाडीगणिक वेगळं. काही गाड्या फक्त तेवढं सर्किट बाजूला ठेवतात, काही सगळी सिस्टिम झोपवतात. म्हणून साधा हिशोब: दिवा लागलाय म्हणजे गाडीत एकही एअरबॅग नाही असं समजून वागायचं.

सांजवेळ
@जुनं_सोनं काका, तुमचं "बेल्ट लावा" अगदी बरोबर. एअरबॅगच्या यंत्रणेला एसआरएस म्हणतात, त्यातला पहिला "एस" म्हणजे सप्लिमेंटल, पूरक. मुख्य काम बेल्टचंच. पण एक फरक तुमच्या जुन्या गाड्यांत नव्हता.

आताच्या बेल्टात दोन गोष्टी असतात. प्रीटेन्शनर धडक होताक्षणी बेल्ट खेचून ढिलेपणा काढतो. तोही एअरबॅगसारखा बारुदावरच चालतो. दुसरा लोड लिमिटर. छातीवर ठरावीक जोर आला की तो बेल्ट थोडा सोडतो, म्हणजे बरगड्या मोडू नयेत. हा बेल्ट सुटतो तो पुढे फुगलेली एअरबॅग आहे या भरवशावर. ती नसेल तर सुटलेला बेल्ट माणसाला स्टिअरिंगच्या दिशेने जाऊ देतो. म्हणजे एअरबॅग बंद पडलेली नवी गाडी ही मुळात एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीइतकीच सुरक्षित, असं धरून चालता येत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकांना धरून बेतलेल्या असतात.

माझं काम अशाच आकडेवारीचं, म्हणून एक आकडा ठेवते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात पुढच्या एअरबॅगांमुळे तिथे ५०,४५७ जीव वाचले.

जुनं_सोनं
लोड लिमिटरचं माहीत नव्हतं. मान्य. पण घाबरवण्याची फॅशन आहे हे माझं म्हणणं कायम.

वाटसरू
सगळ्यांचे आभार. आधी एक खुलासा: मी भाऊ नाही, ताई. :)

पानाकाका, उत्तरं:
१. सीट खरंच मागे केली होती. नवरा गाडी धुवायला घेऊन गेला होता, तो सहा फूट. सीटखाली छत्री आणि मुलाचे बूट निघाले.
२. हॉर्न, बटणं सगळं व्यवस्थित.
३. बॅटरीला हात लावलेला नाही.
४. आत्ता दिवा लागलेलाच आहे, त्यामुळे किती वेळाने जातो ते कळत नाही. घेतानाचं आठवत नाही. खरं सांगायचं तर तेव्हा बघितलंच नाही.

पाना
ताई, माफ करा. हॉर्न चालतोय म्हणजे क्लॉक स्प्रिंगवरचा संशय जवळजवळ बाद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टिअरिंग गोल फिरतं आणि त्यातल्या एअरबॅगला वायर तर जायला हवी. म्हणून चाकामागे पट्टीसारखी चपटी केबल घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिच्यातूनच हॉर्न आणि बटणांच्या तारा जातात, म्हणून ती तुटली की बहुतेक वेळा हॉर्नही रुसतो. ती आपोआप फार कमी तुटते. स्टिअरिंग रॅकचं काम करताना कॉलम सोडवून कोणी चाक गरगरा फिरवलं की तुटते. मग गिऱ्हाईक म्हणतं, "रॅक करायला दिली होती, एअरबॅगचा दिवा कुठून आला?"

तुमचं सीटखालचंच वाटतंय. पण दुसरा कोणीतरी स्कॅनर लावून बघू द्या. साधा स्वस्त कोड रीडर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो. एसआरएस मॉड्यूलशी, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या कंट्रोल बॉक्सशी, बोलणारा स्कॅनर हवा. आणि "क्लिअर" करण्याआधी कोड लिहून घ्यायचा, नंतर नाही. तुमच्या गॅरेजवाल्याने चोराचे ठसे पुसून मग तपास सुरू केला.

अर्धवट
त्यात काय एवढं, कनेक्टर सोडवा, मल्टिमीटरने ओहम बघा, दोनच्या आसपास आला की एअरबॅग ठीक. मी यूट्यूबवर

पाना
@अर्धवट, थांबा.

अर्धवट
थांबलो.

पाना
एअरबॅगच्या सुरसुरीला (आतली बारूद पेटवणारी तार) साधा मल्टिमीटर लावायचा नाही. मीटर रेझिस्टन्स मोजताना स्वतःचा करंट सोडतो. तो थोडाच असतो, पण समोर बारूद आहे आणि तुमचं तोंड तिच्यापासून वीतभर. मॉड्यूल हीच तपासणी अत्यंत बारीक करंटवर सतत करत असतं, ते त्यालाच करू द्या.

पिवळ्या कनेक्टरला हात लावायचाच असेल तर: किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि मग गाडीच्या पुस्तकात दिलंय तितकी मिनिटं थांबायचं. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून तो वीज साठवून ठेवतो. बॅटरी काढली म्हणजे वीज गेली असं नसतं.

तिरकस
म्हणजे सासुरवाडीहून निघाल्यावरही काही मिनिटं सावध राहायचं, तसं.

रसायनी
"बारूद" शब्दावरून थोडं अवांतर, धागाकर्तीची क्षमा मागून.

जुन्या एअरबॅगांत सोडियम अझाइड असे. तापल्यावर त्याचं विघटन होऊन नायट्रोजन सुटतो आणि पिशवी भरते. धडक ओळखण्यापासून पिशवी भरेपर्यंतचा सगळा कारभार सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास उरकतो; डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. अझाइड विषारी, म्हणून नंतर कंपन्या दुसऱ्या रसायनांकडे वळल्या. जपानच्या टकाटाने अमोनियम नायट्रेट निवडलं. हे रसायन ओलावा आणि उष्ण-थंड चक्रांना कंटाळतं. वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलं की त्याच्या वड्या भुसभुशीत होतात, मग पेटताना हवं त्यापेक्षा वेगाने जळतात आणि धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे माणसावर येतात. ज्यांत ओलावा शोषणारा पदार्थ घातला नव्हता, ते इन्फ्लेटर (पिशवी फुगवणारे डबे) सर्वांत वाईट.

होंडाने यासाठी पहिला छोटा रिकॉल (दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) २००८ च्या नोव्हेंबरात काढला. पुढे तो पसरत पसरत इतिहासातला सर्वांत मोठा वाहन-रिकॉल झाला. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर आणि डझनाहून अधिक कंपन्यांच्या गाड्या. टकाटा जून २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली.

या धाग्याशी संबंध असा की टकाटाचा दोष असलेल्या गाडीत कुठलाही दिवा लागत नाही. सर्किट उत्तम, रेझिस्टन्स उत्तम, फक्त आतली वडी सडलेली. म्हणून जुनी गाडी घेतली की चासी नंबर कंपनीच्या रिकॉलच्या पानावर टाकून बघायचाच. मूळ मालकाने नेली नसेल तर काम अजून बाकी असतं, आणि ते कंपनी फुकट करून देते.

शंकासुर
वाचनखूण साठवली. आत्ताच माझ्या गाडीचा नंबर टाकला, काही बाकी नाही. बायकोच्या गाडीचा टाकायला गेलो तर ती म्हणाली, "माझा मी दोन वर्षांपूर्वीच बघितला."

मी_आणि_माझी_गाडी
अवांतराला अवांतर: सीट कव्हर! पूर्ण सीट झाकणारी जाड कव्हरं घालताना सीटच्या बाहेरच्या कडेवरचं "एअरबॅग" लिहिलेलं लेबल झाकलं जातं. साइड एअरबॅग तिथली शिवण फाडून बाहेर येते. वर दुसरी मजबूत शिवण असेल तर ती कुठून यायची?

सांजवेळ
आणि डॅशबोर्डवर पाय ठेवून बसणारे. प्रवासी बाजूची एअरबॅग झाकण उचकटून ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. वर पाय असले तर ते कुठे जातील याची कल्पना करा. मी फोटो बघितलेत, वर्णन करत नाही. ड्रायव्हरने छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान पंचवीस सेंटिमीटर ठेवायचे. आणि मागे तोंड असलेली बाळाची सीट पुढच्या चालू एअरबॅगसमोर कधीही नाही.

तिरकस
धागा वाचून मी गाडी सोडून चालत जायचं ठरवलंय. फक्त रस्ता ओलांडताना समोरच्याच्या एअरबॅगचा दिवा बघून घेईन.

वाटसरू
अपडेट. दुसऱ्या गॅरेजात नेली, एसआरएस वाचणारा स्कॅनर होता. कोड: "ड्रायव्हर सीट, साइड एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स जास्त". पानाकाका, नमस्कार घ्या!

त्यांनी बॅटरी काढली, थांबले, सीटखालचं पिवळं कनेक्टर सोडवलं. एक पिन हिरवट पडलेली. साफ केली, कनेक्टर घट्ट बसवून वायर सीटच्या फ्रेमला नीट बांधली, मग कोड पुसला. सीट दहा वेळा पुढेमागे केली, दिवा आला नाही. आज तिसरा दिवस. किल्ली फिरवली की लागतो, सहा सेकंदांत जातो.

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्न सुटला!

शंकासुर
अभिनंदन!

अर्धवट
धन्स आम्हालाही, मल्टिमीटर वाचला. आणि बहुतेक मीही.

पाना
ताई, आनंद आहे. पण दोन गोष्टी मला खटकताहेत. पिन हिरवी पडायला पाणी लागतं. सीटखाली पाणी कुठून आलं? कार्पेटची कड उचलून खाली गाळ किंवा सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा. नुसती ओली छत्री ठेवून ठेवूनही होतं, लगेच पुराची गाडी म्हणू नका.

दुसरी जास्त खटकतेय. पहिल्या पोस्टच्या शेवटी कंसात तुम्ही लिहिलंय की ग्लोव्हबॉक्सच्या वरचा भाग गडद आहे. तिथेच प्रवाशाची एअरबॅग असते. उन्हाने रंग जातो, येत नाही. आणि गेला तर शेजारच्या भागाचाही जातो.

हे करा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात छापलेल्या खुणा बघा. कंपनीच्या खुणेजवळ बारीक अंक असतो, त्यावरून बनल्याचं साल कळतं. पुढची काच बाकीच्यांपेक्षा नवी आहे का? प्रवासी बाजूची एअरबॅग फुटताना बऱ्याचदा पुढची काच घेऊन जाते. मग दोन्ही पुढचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, खाली लेबलवर महिना-वर्ष असतं.

जुनं_सोनं
पाना, पुढची काच खडा लागूनही बदलतात. माझी दोनदा बदलली. उगीच त्या बाईला घोर लावू नका.

पाना
खरं आहे काका. म्हणूनच एका खुणेवर काही म्हणत नाही. तीन खुणा जुळल्या तर म्हणेन.

वाटसरू
कार्पेटखाली कोरडं, गाळ नाही, रूळ स्वच्छ. छत्रीच असावी (ती आता डिकीत हद्दपार).

काचा: चार दारं आणि मागची, सगळ्यांवर एकच अंक, गाडीच्या सालाचा. पुढच्या काचेवर त्यानंतर तीन वर्षांचा.
बेल्ट: प्रवाशाचा गाडीच्या सालाचा. ड्रायव्हरचा तीन वर्षांनंतरचा.

हे टाइप करताना हात थंड पडलेत.

तिरकस
आता विनोद सुचत नाहीये.

सांजवेळ
ताई, दिवा सहा सेकंदांत जातोय हे चांगलं आहे, पण त्याचा अर्थ इतकाच की मॉड्यूलला सर्व सर्किटांत अपेक्षित रेझिस्टन्स दिसतोय. टोकाला एअरबॅग आहे की दुसरं काही, हे त्याला दिसत नाही. सुरसुरीचा रेझिस्टन्स साधारण दोन ओहम. तेवढाच रेझिस्टर कनेक्टरमध्ये खुपसला की मॉड्यूल समाधानी. ही लबाडी जगभर चालते.

यापेक्षा ढोबळ प्रकारही आहेत. बल्ब काढणं, किंवा एअरबॅगच्या दिव्याची तार ऑइल प्रेशरच्या दिव्याला जोडणं. ते ओळखायचं सोपं: किल्ली फिरवा पण इंजिन चालू करू नका. खरा एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत आपापला जातो. ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र इंजिन चालू होईपर्यंत राहतात. एअरबॅगचा दिवाही इंजिन चालू झाल्यावरच, ऑइलच्या दिव्याबरोबर गेला, तर समजून जा.

पाना
आणि म्हणून चौथा प्रश्न होता. गाडी घेताना लोक "दिवा लागलेला नाही ना" बघतात. बघायचं असतं ते "दिवा लागून गेला ना".

ताई, ग्लोव्हबॉक्स काढायला लावा. बहुतेक गाड्यांत खालून एअरबॅगचा डबा आणि कनेक्टर दिसतो. स्वतः करू नका.

मी_आणि_माझी_गाडी
आणखी एक, साउंड सिस्टिमवाल्यांना. बऱ्याच गाड्यांत साइड धडकेचा सेन्सर दाराच्या आतला हवेचा दाब ओळखतो. दार चेपलं की आतली हवा दबते, त्यावरून. मोठे स्पीकर बसवायला दारात भोकं पाडली किंवा आतलं प्लॅस्टिक फाडून टाकलं की हवा तिथून निसटते. दिवा लागणार नाही, पण सेन्सरला दाब कळायला उशीर होईल.

अर्धवट
… माझ्या दारात भोकं आहेत. उद्या पानाकाकांना खासगी निरोप करतो.

वाटसरू
काल संध्याकाळी गेले होते. ग्लोव्हबॉक्स निघाला. एअरबॅगचं झाकण वरून नुसतं चिकटवलेलं, खाली रिकामी चौकट. पिवळ्या कनेक्टरच्या तोंडात एक छोटा रेझिस्टर, वर काळी टेप. मेकॅनिकने टॉर्च धरला आणि आम्ही दोघं काही वेळ काहीच बोललो नाही.

ड्रायव्हरची एअरबॅग आहे. खरी आहे का ते कळायला स्टिअरिंग उघडावं लागेल, आज उघडणार आहेत.

दीड महिना माझी आई त्या सीटवर बसून येत-जात होती. गाडी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मी घेतली तेव्हा दिवा नव्हता." बहुतेक खरंच सांगत असेल, आणि तेच जास्त चीड आणणारं आहे. मी घेतली तेव्हाही नव्हता.

जुनं_सोनं
वाटसरू, माझे शब्द मागे घेतो. आईंना मागे बसवा. पाना, तुमचीही माफी मागतो.

पाना
काका, माफी कसली. तुम्ही अडवलंत म्हणून मी तीन खुणा मागितल्या, नाहीतर एकीवरच बोलून बसलो असतो.

ताई, आता काय करायचं ते सांगतो. स्टिअरिंगमधल्या एअरबॅगवरचा भाग-क्रमांक कंपनीच्या सेंटरकडून पडताळून घ्या. नकली एअरबॅगचा बाजार मोठा आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१२ साली नकली एअरबॅगांबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि अलीकडेही निकृष्ट बदली इन्फ्लेटरबद्दल दिला आहे. भंगारातली जुनी बसवू नका, तिचा इतिहास तुम्हाला कळणार नाही. मॉड्यूल कंपनीकडून तपासून घ्या. धडक झाल्यावर त्यात क्रॅशची नोंद कायमची बसते. ती नोंद कोणीतरी पुसलीय किंवा मॉड्यूल बदललंय, नाहीतर दिवा गेलाच नसता.

मी_आणि_माझी_गाडी
मॉड्यूलचा क्रॅश डेटा पुसून तेच परत वापरतात की सर्रास. माझ्या मित्राचं केलंय, चालू आहे.

पाना
चालू आहे म्हणजे दिवा लागत नाही एवढंच. पुसणारे प्रामाणिकही असतात, काम नीटही होतं कधीकधी. पण ते नीट झालंय का हे कळायचा एकच मार्ग, पुढची धडक. मी पुसलेलं मॉड्यूल गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवत नाही. दुसरे बसवतात. यावर भांडणार नाही.

सांजवेळ
मी भांडेन. आतला वेगबदल मोजणारा सेन्सर एकदा मोठा झटका खाल्लेला आहे, आणि ज्यांनी तो बनवला ते सांगतात बदला.

संपादक मंडळ
मॉड्यूल पुसावं की बदलावं यावर वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे धागाकर्तीच्या प्रश्नावर राहू या.

रसायनी
धागाकर्तीच्या प्रश्नावरच येतो, कारण दुसरा प्रश्न अजून कोणी सोडवला नाही: तोवर चालवावी का?

वाटसरू
ठरवलं. दुरुस्तीपर्यंत पुढच्या डाव्या-उजव्याचा विचारच नको म्हणून गाडी उभी केली. ऑफिसला दुसऱ्या सोयीने जातेय. स्टिअरिंगमधली एअरबॅग कंपनीचीच निघाली, भाग-क्रमांक जुळला, तेवढं एक सुख. प्रवासी बाजूची नवी आणि मॉड्यूल दोन्ही मागवलंय. प्रवाशाचा बेल्टही तपासायला सांगितलाय, कारण तो मूळचा आहे आणि त्या धडकेत तो खेचला गेला होता का ते कोणालाच माहीत नाही.

नवऱ्याने डिकीतली छत्री फेकायला काढली होती. मी ठेवून घेतली. ती सीटखाली नसती तर पिन हिरवी पडली नसती, दिवा लागला नसता, हा धागा निघाला नसता, आणि आई अजून त्या टेपच्या समोर बसली असती.

तिरकस
छत्रीला नवं कापड लावून घ्या, माझ्याकडून.

नवखा
नमस्कार, आजच सदस्य झालो. धागा अजून पूर्ण वाचला नाही. मीही मागच्याच महिन्यात जुनी एसयूव्ही घेतली. माझ्या गाडीत एअरबॅगचा दिवा कधी लागतच नाही. किल्ली फिरवली तरी नाही. म्हणजे माझी सिस्टिम एकदम ठणठणीत ना?

वाटसरू
गाडी आत्ता कुठे आहे? आहे तिथेच राहू दे. पुढच्या काचेचा कोपरा बघ आणि काय अंक लिहिलाय ते इथे टाक.